पंप लावायच्या आधी: नौपाड्यातल्या एका इमारतीच्या पाण्याचं प्रकरण

ठाण्यात वंदना एसटी स्टँड आणि चिखलवाडीचा पट्टा सखल आहे, हे ठाणेकरांना सांगायला नको. जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की तिथलं पाणी हटत नाही. या पट्ट्यात एक जुनी इमारत आहे. तळमजला आणि वर तीन मजले, सोळा बिऱ्हाडं, साधारण पासष्ट माणसं. आवारात फाटकाजवळ जमिनीखाली वीस हजार लिटरची टाकी, गच्चीवर पाच-पाच हजारांच्या दोन काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. पहाटे पालिकेचं पाणी खालच्या टाकीत उतरतं, वॉचमन पंप लावून ते वर चढवतो आणि दिवसभर नळाला तेच येतं. ठाण्यातल्या बहुतेक सोसायट्यांची रचना अशीच आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

जुलैतल्या एका रात्री आवारात गुडघाभर पाणी चढलं. मीटरची खोली तळमजल्यावर, त्यामुळे महावितरणला कळवून वीज बंद करून घेतली. ते योग्यच झालं. पहाटेपर्यंत पाणी ओसरलं, आवारभर चिखल राहिला. दहाच्या सुमाराला वीज परत आली. लोक रात्रभर जागे होते, तळमजल्यावरच्यांची घरं धुवायची होती, सगळ्यांना आंघोळ हवी होती. वॉचमनने सेक्रेटरींना विचारलं, "साहेब, पंप लावू का?" सेक्रेटरी म्हणाले, "लाव, विचारतोस काय?"

मी बाजूच्याच इमारतीत राहते. निवृत्त होईपर्यंत आरोग्य सेविका होते. शहापूर, मुरबाडकडच्या गावांत बरीच वर्षं काढली. त्या सकाळी या इमारतीतल्या एका काकूंनी मला बोलावलं, कारण त्यांची लेक बाळंतपणासाठी आलेली, आठवा महिना चालू. त्यांचा प्रश्न साधा होता: "ताई, हिला कोणतं पाणी देऊ?" त्याचं उत्तर शोधायला मी खाली उतरले तेव्हा वॉचमन स्टार्टरकडे निघालाच होता. मी त्याला म्हटलं, आधी खालच्या टाकीचं झाकण उघड.

झाकणाखाली काय दिसलं

पाणी स्वच्छ दिसत होतं. हीच यातली अवघड गोष्ट. चिखल नाही, वास नावापुरता. सेक्रेटरी म्हणाले, "अहो ताई, तळ दिसतोय." खरंच दिसत होता. पण लोखंडी झाकणाची चौकट जमिनीच्या पातळीलाच होती. तिच्या एका कडेला सिमेंट सुटून फट पडली होती आणि त्या फटीतून आत चिखलाचा ओघळ सुकत होता. तिथून हाताच्या अंतरावर ड्रेनेजचं चेंबर. रात्री ते उलटं वाहत असल्याचं तळमजल्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

माझ्याकडे ओटी चाचणीचा संच असतो. नोकरी संपली तरी तो घरातून गेलेला नाही. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, आणि पिवळेपणा जितका गडद तितकं क्लोरीन जास्त. (तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, पिण्यात जाऊ द्यायचं नाही.) खालच्या टाकीचं पाणी जसंच्या तसं राहिलं. मग गच्चीवर जाऊन वरच्या टाकीचं पाणी घेतलं. फिकं, पण पिवळं.

दोन्ही पाणी आदल्या सकाळचंच, पालिकेचंच. वरच्यात क्लोरीन टिकलं होतं, खालच्यात संपलं होतं. पाण्यात घाण शिरली की क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडतं. म्हणून पिवळा रंग न येणं हा एवढ्यापुरता तरी पुरावा होता की खाली काहीतरी शिरलंय, आणि यापुढे शिरणाऱ्या जंतूंना अडवायला तिथे काहीच उरलेलं नाही. नळी उजेडासमोर धरली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: वर तेलाचा बारीक तवंग. आवारात स्कूटरी उभ्या होत्या, रात्री त्या अर्ध्या बुडाल्या होत्या.

तवंगामुळे निर्णय सोपा झाला. उकळल्याने जंतू मरतात, क्लोरीननेही बहुतेक मरतात, पण पेट्रोल आणि ऑइल दोन्हींनी जात नाही. ते पाणी शुद्ध करत बसण्यात अर्थ नव्हता, ते उपसूनच टाकायला हवं होतं. आणि पंप चालू झाला असता तर तेच गच्चीवरच्या चांगल्या पाण्यात मिसळलं असतं, तिथून सोळा घरांच्या पाइपांत गेलं असतं. बटण दाबायला दोन मिनिटं लागली असती, निस्तरायला आठवडा.

सेक्रेटरींना हे पटलं. त्यांनी स्टार्टरचे फ्यूज काढून खिशात ठेवले. तोंडी सूचना पुरत नाही, कारण वॉचमन बदलतो, कुणीतरी उत्साही मुलगा खाली येतो. फ्यूज काढणं हेच बरोबर.

गच्चीवरचा हिशेब

गच्चीवर एक टाकी भरलेली, एक अर्धी, म्हणजे साडेसात हजार लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. त्या हिशेबाने हे पाणी पासष्ट माणसांना एक दिवसही पुरलं नसतं. लोक घाबरले ते यामुळे. कुणी टँकरला फोन लावत होतं, कुणी वीस लिटरच्या जारवाल्याला. जारवाल्याचा फोन लागत नव्हता, कारण अख्खा नौपाडा त्यालाच फोन करत होता.

मी कागदावर दुसरा हिशेब मांडला. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरले तर पासष्ट जणांना दोनशे साठ लिटर लागतात. साडेसात हजारांना दोनशे साठने भागा: अठ्ठावीस दिवस. इमारतीच्या डोक्यावर चार आठवड्यांचं पिण्याचं पाणी होतं आणि ते संडासात ओतलं जाण्याच्या बेतात होतं. जुन्या फ्लशच्या टाकीला एका वेळी दहा लिटर लागतात, म्हणजे एका माणसाचं अडीच दिवसांचं पिणं.

मग गच्चीवरचा मुख्य कॉक बंद केला. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास उघडायचा. त्या वेळात आधी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भरायचं, नंतर भांड्यांपुरतं. संडास आणि फरशीसाठी गच्चीच्या पन्हळीखाली पिंपं लावली, पाऊस पडतच होता. खालच्या टाकीचं पाणी निदान फ्लशला वापरू, असं दोघा-तिघांनी सुचवलं. ते चुकीचं नव्हतं, पण बादली घरात आली की ती कोण कशाला वापरेल सांगता येत नाही. लहान मुलांच्या घरात तर नाहीच. पावसाचं पाणी हाताशी असताना तो धोका का पत्करायचा?

आरओने काय केलं

जवळजवळ प्रत्येक घरात भिंतीवर आरओ होता आणि बहुतेकांचा भरवसा त्यावरच होता. रात्री वीज गेली तेव्हा त्यांच्याकडे यंत्राच्या टाकीतलं सात-आठ लिटर पाणी होतं, सकाळपर्यंत ते संपलं. वीज आल्यावर यंत्रं सुरू झाली खरी, पण आरओ जेवढं पाणी देतो त्याहून जास्त नाल्यात सोडतो. मोजून पाणी वापरायच्या दिवसांत हे परवडत नाही. मी सगळ्यांना यंत्रं बंद ठेवायला सांगितलं. नाराजी झाली, विशेषतः ज्यांनी नुकताच महागडा बसवला होता त्यांची.

त्याहून महत्त्वाचं असं की आरओमधल्या कार्बनच्या फिल्टरमध्ये पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. चवीला बरं लागतं, ताबडतोब प्यायला ठीक. पण तेच पाणी बाटल्यांत भरून चार दिवस ठेवलं तर त्याला संरक्षण काहीच नसतं. बाटलीच्या तोंडाला हात लागला, झाकणात ओल राहिली, की जंतू वाढायला मोकळे. अडीअडचणीसाठी साठवायचं असेल तर पालिकेचं नळाचं, क्लोरीन असलेलं पाणी साठवावं, आणि हवं तर पिण्याच्या वेळी गाळावं, उकळावं. लोक नेमकं उलट करतात: आरओचं बाटल्यांत भरतात, नळाचं भांड्यांना वापरतात.

त्या इमारतीत सगळ्यात निर्धास्त होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी. त्यांच्याकडे नळ असलेलं स्टीलचं पिंप, झाकण घट्ट, शेजारी ओगराळं टांगलेलं. पावसाळ्यात त्या पिंप कधी पूर्ण रिकामं होऊ देत नाहीत. नवं पाणी गढूळ आलं तर ते निवळेपर्यंत जुनं हाताशी असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पाण्यात हात बुडू न देण्याची शिस्त तर माझ्या खात्याने शिकवायच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत होती. स्वयंपाकघर मॉड्युलर झालं आणि ओगराळं अडगळीत गेलं.

काकूंच्या लेकीसाठी व्यवस्था वेगळी केली. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हिपॅटायटिस ई, म्हणजे एक प्रकारची कावीळ, झाला तर तो जिवावर बेतू शकतो, आणि तो आपल्याकडे मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो. म्हणून तिच्यासाठी वरच्या टाकीचंच पाणी, तेही उकळून. खदखदून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. त्याच भांड्यात झाकून थंड करायचं, भांडं बदलायचं नाही. दात घासायलाही तेच. हे शेवटचं सांगावं लागतं, कारण प्यायचं पाणी उकळणारी माणसं चूळ मात्र नळाच्या पाण्याने भरतात.

दुसऱ्या दिवशी आलेलं पाणी

ठाण्याला पाणी भातसा आणि उल्हास नद्यांमधून येतं. पिसे-टेमघरची पालिकेची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि काही वाटा मुंबई पालिकेकडून. मोठ्या पावसात नद्या गढूळ होतात, कुठे वीज जाते, शटडाऊन होतो. त्या दिवशी पहाटे पाणी आलंच नाही, दुसऱ्या दिवशी कमी दाबाने आलं आणि चहासारखं आलं.

आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद असताना जमिनीखालच्या पाइपात दाब राहत नाही आणि जोड गळका असेल तर बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पूर येऊन गेल्यावर ते बाहेरचं पाणी कसलं असतं, हे वेगळं सांगायला नको. सुदैवाने या इमारतीत फाटकाशी थेट लाइनवरचा जुना नळ होता, खालच्या टाकीच्या आधी. टाकीकडे जाणारा कॉक बंद करून त्या नळावर पाणी सोडलं. पहिलं गढूळ पाणी वाहू दिलं, निवळ येऊ लागल्यावर हंडे भरले.

ते पाणी पिण्यासाठी असं तयार केलं: चौपदरी सुती धोतराच्या फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवून तासभर निवळू दिलं, वरचं वर दुसऱ्या भांड्यात घेतलं आणि मग क्लोरीन. तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. नुसती तुरटी फिरवून पाणी पिणारी घरं अजून आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहिते. क्लोरीनचंही उलट बाजूने तसंच आहे: गढूळ पाण्यात टाकलं तर ते गाळातच संपून जातं. म्हणून आधी निवळणं, मग क्लोरीन, मग अर्धा तास थांबणं, हा क्रम बदलायचा नाही.

क्लोरीनच्या गोळ्या किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारी द्रवाची बाटली वापरावी आणि मात्रा तिच्यावर लिहिल्याप्रमाणे घ्यावी. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. वीस लिटरची गोळी हंड्यात टाकली तर पाणी प्यायला नको होतं, आणि हंड्याची गोळी पिंपात टाकली तर उपयोग नाही. कपड्यांचं ब्लीच वापरता येतं का, असं एकीने विचारलं. बिनवासाचं, बाकी काही न मिसळलेलं, पाच-सहा टक्क्यांचं असेल तर लिटरला दोन थेंब, हे प्रमाण जगभर सांगतात. पण आपल्याकडच्या बाटल्यांवर टक्केवारी नेहमी असतेच असं नाही आणि सुगंधी बाटल्याच जास्त. मी नको म्हणाले.

टाकीत उतरण्याची गोष्ट

खालची टाकी उपसायला भाड्याचा पंप आणला. नंतर आत उतरून घासायचं कुणी, यावर चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे नजरा वॉचमनकडे गेल्या. मी तिथे आवाज चढवला. बंद टाकीत हवा कोंडलेली असते, घाण शिरलेली असेल तर विषारी वायूही साचतो, माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. अशा बातम्या दरवर्षी वाचतो आणि तरी आवारातल्या टाकीला आपण तशी जीवघेणी टाकी समजत नाही. शेवटी टाकी सफाईचं काम करणारी माणसं बोलावली. झाकणं कित्येक तास उघडी ठेवून पंख्याने हवा खेळवली, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, वर दोन माणसं सतत हजर, विजेचा पंप पूर्ण बंद. डिझेलचा पंप टाकीत उतरवायचा नाही, त्याचा धूर मारक असतो. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र नाही, त्यातून क्लोरीनचा वायू सुटतो.

भिंती आणि तळ घासून, गाळ काढून, दोनदा धुतल्यावर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं पाणी भिंतींवर मारलं. शंभर लिटर पाण्यात चांगली, तेहेतीस टक्क्यांची पावडर साठ ग्रॅम. आमची पावडर जुनी होती, म्हणून शंभर ग्रॅम घेतली. अर्धा तास तसंच ठेवून पुन्हा धुतलं आणि ते पाणी उपसून टाकलं. मग टाकी भरली. पूर्ण भरल्यावर पिण्यासाठीची मात्रा वेगळी: चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वीस हजारांना पन्नास ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच टाकीत ओतायचं. अर्ध्या तासाने ओटी. या वेळी नळी पिवळी झाली.

पंपापासून गच्चीपर्यंतच्या उभ्या पाइपात खालच्या टाकीचं जुनं पाणी अडकलेलं होतं. ते वरच्या टाकीत पडू नये म्हणून पाइप टाकीच्या तोंडातून काढून पहिलं पाणी गच्चीवर सोडलं. हे हमखास राहून जातं.

तळमजल्याच्या नळाचं पाणी एच-टू-एसच्या बाटलीत भरून ठेवलं. विष्ठेतले जंतू असतील तर त्या बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडतं. काळं पडलं नाही. तरीही प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत उकळणं चालू ठेवलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, शंभर मिलिलिटरमध्ये ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये असं आहे. अहवाल तसा आला, मग उकळणं थांबलं. हिपॅटायटिसला दिसायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून मी गणपतीनंतरही घरोघरी विचारत राहिले. कुणाला कावीळ झाली नाही. काकूंची लेक व्यवस्थित बाळंत झाली.

नंतर काय बदललं

गावात काम करताना प्रत्येक ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असायचा. टीसीएलचा साठा किती, शेवटची ओटी कधी, हे वहीत लिहिलेलं असायचं आणि तपासणीत ते विचारलं जायचं. ज्या शहापूर तालुक्यातून भातसाचं पाणी आपल्याला येतं, तिथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, तरी विहिरीत पावडर टाकणारा माणूस नेमलेला असतो. आपल्या सोसायटीत तीस हजार लिटरची साठवण असते, पंप असतो, पाइपांचं जाळं असतं, म्हणजे एक छोटी पाणीयोजनाच. तिला माणूस नेमलेला नसतो. नळजोडणीपर्यंतचं पाणी पालिका सांभाळते, पुढचं कोण सांभाळतं, याचं उत्तर त्या सकाळी वॉचमनच्या बोटावर होतं.

या इमारतीने दोन जण नेमले: एक निवृत्त गृहस्थ आणि एक कॉलेजातली मुलगी. ओटीचा संच सोसायटीने घेतला. पावडर ओल न लागणाऱ्या डब्यात ठेवली, डब्यावर तारीख टाकली, कारण उघड्या पावडरीतलं क्लोरीन उडून जातं. स्टार्टर पुराच्या खुणेच्या वर हलवला. टाकीच्या तोंडाला दोन फूट उंच कठडा बांधून घट्ट बसणारं झाकण लावलं. आवारात पाणी चढलं की फ्यूज काढायचे आणि ओटी केल्याशिवाय लावायचे नाहीत, हा नियम मीटरच्या खोलीत रंगाने लिहिला.

घरांसाठी मी एवढंच सांगितलं: चार माणसांना तीन दिवस, माणशी चार लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस लिटर. वीस लिटरचे दोन अरुंद तोंडाचे कॅन आणि एक कळशी. कॅन खाण्याच्या वस्तूंसाठीचा, नवा. कारखान्यांतून स्वस्तात मिळणारे निळे ड्रम कितीही धुतले तरी पिण्याला नकोत, त्यात आधी काय होतं ते धुणाऱ्याला कळत नाही. नळाचं ताजं पाणी भरायचं, ओट्याखाली अंधारात ठेवायचं, बाल्कनीत उन्हात नाही. पंधरवड्याने ते फरशीला, झाडांना वापरून पुन्हा भरायचं. दोन्ही कॅन एकाच दिवशी रिकामे करायचे नाहीत. क्लोरीनची बाटली कॅनच्या मुठीलाच बांधून ठेवायची. "एवढी जागा कुठे आहे?" हा प्रश्न वन रूम किचनवाल्यांचा होता आणि तो खरा आहे. तिथे एक कॅन ठेवा म्हटलं, आणि दुसरा जिन्यातल्या बंद कपाटात, नाव घालून.

२००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ती रात्र पाहिलेली माणसं या इमारतीत अजून आहेत. कठड्याची उंची किती ठेवायची यावर मतभेद झाले तेव्हा, तळमजल्यावरच्या भिंतीवर त्यांनी दाखवलेली त्या दिवसाची रेघच शेवटी धरली.

ड्रेनेजचं चेंबर मात्र अजून टाकीच्या शेजारीच आहे. ते हलवायचं तर निम्मं आवार खोदावं लागेल आणि खर्च मोठा आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो विषय आहे.